मोकळा लाडू

डोंगरकड्याच्या आठवडी बाजारात चतुराच्या टोपलीपुढं जो माणूस येऊन उभा राहिला, त्याच्या खांद्याला कातडी पेटी होती, हातात अर्धा लाडू होता आणि उजवा गाल टम्म सुजलेला होता.

“हा लाडू तुमचाच का?”

चतुरानं पदर आणखी जरा पुढं ओढला आणि पदराखालूनच लाडवाकडं पाहिलं. ज्वारीच्या पांढऱ्या लाह्या, मधूनमधून तीळ, काळपट गुळाची चकाकी... आपल्या हातचं काम कुणाला ओळखू येत नाही?

“आमचाच दिसून राहिला. काहून?”

“मागच्या बाजारी घेतला होता. एक मावशी बसल्या होत्या इथं. अर्धा मी खाल्ला... म्हणजे खायला गेलो. उरलेला वापस आणलाय. तुमच्या घराच्या पायाला एखादा दगड कमी पडत असंल तर—”

खरं तर तिला राग यायला हवा होता. पण त्या सुजल्या गालातून शब्द असे बोबडे, गोल गोल होऊन बाहेर पडत होते, की तिला पदराआड हसूच फुटलं.

“दात गेला?”

“गेला न्हाई. जाऊ का राहू, म्हणून विचार करून राहिलाय.”

“लाडू चावायचा नसतो. चघळायचा असतो.”

“मग तसं टोपलीवर लिहून ठेवा ना.”

“लिहिता आलं असतं तर ठेवलं असतं.”

आपण भलतंच बोलून गेलो, असं त्याच्या तोंडावर दिसलं. टोपलीपुढं उकिडवा बसत तो हळू आवाजात म्हणाला, “माझ्या दाताचं काही न्हाई हो. मी ते लाडू लेकरांसाठी नेले होते. सुई टोचली की लेकरं रडतात. हातात लाडू दिला की गप्प होतात. अन् तुमचा लाडू चावला— की पुन्हा रडतात. आदीपेक्षा जोरात.”

“सुई?”

“मी देवी टोचतो. सरकारी माणूस. उत्तम नाव माझं... गाव साखरा, तिकडं सेनगावाकडं.”

चतुराचं हसू जागच्या जागी थांबलं. तिनं टोपलीवरचं फडकं उगीचच नीट केलं.

“मग आमच्याकडून काही घेत जाऊ नका,” ती म्हणाली. “आमची माय देवी टोचणाऱ्याला पाणीसुद्धा देणार न्हाई.”

“लाडू तर दिला की.”

“तिला ठाऊक नव्हतं.”

“मग आताही ठाऊक होऊ देऊ नका,” तो उठला आणि जाता जाता वळून म्हणाला, “पाक जरा आदी उतरवत जा. तुमचा पाक लई पुढं जाऊन राहिलाय.”

पाक पुढं जातो म्हणे! गर्दीत नाहीशा होणाऱ्या त्या कातडी पेटीकडं चतुरा कितीतरी वेळ बघत राहिली. दाताचं एक वेळ सोडा, पण पाकावर बोललेलं तिला चांगलंच झोंबलं होतं.

तातेरावांची ही धाकटी लेक एकोणीस वर्षांची होती. तिच्या बरोबरीच्या पोरींची लेकरं अंगणात पळायला लागली होती. चतुराला दोनदा पाहुणे बघायला आले. पहिले चहा पिऊन गेले, दुसरे चहा न पिताच. ती सहा वर्षांची असताना घरात देवी आल्या होत्या. जाताना तिच्या धाकट्या भावाला घेऊन गेल्या आणि हिच्या तोंडावर कपाळापासून हनुवटीपर्यंत वण ठेवून गेल्या. तेव्हापासून चतुराला माणसांच्या डोळ्यांची पारख आली. काहींचे डोळे तिच्या तोंडावरून निसटून जात, काहींचे तिथंच चिकटून बसत. तिसरी तऱ्हा तिनं पाहिली नव्हती.

आई मंजुळाबाई तिला कामात गुंतवून ठेवी. लाह्यांचं काम तसं वेळखाऊच. जाड दाण्याची जुनी ज्वारी निवडायची, कढत पाण्यात घोळून निथळायची, रात्रभर पोत्याखाली दडपून ठेवायची, सकाळी सुकवायची आणि बाजाराच्या टोकाला जलालुद्दीनचाचांच्या भट्टीवर न्यायची. चाचा तापलेल्या वाळूत मूठभर दाणे टाकत, आणि क्षणात सगळी कढई पांढरी फुलून येई. तो फडफड आवाज चतुराला लहानपणापासून आवडायचा. बंद दाण्यात एवढं काय मावलेलं असतं, असं तिला दर वेळी वाटायचं.

त्या आठवड्यात तिनं पाक आधी उतरवला. पाण्यात थेंब टाकला. गोळी झाली, पण मऊ. लाह्या घातल्या, हाताला तूप लावून लाडू वळायला घेतले आणि— एकही लाडू बांधला जाईना. मुठीत गोल दिसे, ताटात ठेवला की बसकण मारून ढासळे. चार वेळा वळले, चार वेळा ढासळले. शेवटी ती परात तशीच उचलून रागारागानं भट्टीवर गेली.

“चाचा, बघा ना काय झालं. बांधूनच घेत न्हाई.”

जलालुद्दीनचाचांनी चिमूटभर तोंडात टाकलं. डोळे मिटले. पुन्हा एक चिमूट घेतली.

“बेटी, बांधतीस कशाला? मोकळंच राहू दे की त्याला.”

“मोकळं? मग तो लाडू कसा?”

“खाणाऱ्याला इचार. बनवणाऱ्यानं कशाला इचार करायचा?”

भट्टी विझत आली होती. चाचांनी परात तिच्या कोमट काठावर ठेवायला लावली. चतुरानं त्यात भाजलेले शेंगदाणे घातले, जवस घातले, खोबऱ्याचे पातळ काप आणि नखभर सुंठ घातली. पळीनं खालवर करत ती बसून राहिली. मंद आचेवर गूळ हळूहळू लाहीलाहीला लपेटत गेला, ओल उडून गेली, आणि परात निवल्यावर हाताला लागले ते कुरकुरीत, सोनेरी, सुटे सुटे गोळे... काही बोराएवढे, काही हरभऱ्याएवढे. तोंडात टाकलं की वाजायचं आणि मग विरघळून जायचं. सुजल्या गालाच्या माणसालाही चालंल असं.

सुजला गाल आपल्याला का आठवावा, हे मात्र तिनं स्वतःला विचारलं नाही.

पुढच्या बाजारी मंजुळाबाई टोपली लेकीवर सोपवून मीठ-मिरची घ्यायला गेली आणि तेवढ्यात कातडी पेटी समोर हजर झाली. गाल उतरला होता. चतुरानं काही न बोलता पळसाच्या पानावर मूठभर लाह्या ठेवून पुढं केल्या. उत्तमनं भीत भीत दोन दाणे तोंडात टाकले, डाव्या बाजूनं चावले... मग उजव्या बाजूनं चावले. मग सगळं पान रिकामं केलं.

“हे काय म्हणायचं?”

“मोकळा लाडू.”

“मोकळा लाडू! म्हणजे कोरडं पाणी म्हटल्यासारखं झालं.”

“नाव नसंल आवडलं तर ठेवा परत.”

“आता कसं ठेवू? पोटात गेलं की.”

ती हसली, आणि हसताना वाऱ्यानं पदर मागं गेला. बाजारातला धुळीचा, मिरच्यांचा, बैलांचा वारा. उघडं तोंड त्याच्या पुढ्यात आलं. चतुराचं हसू मावळलं. सवयीनं ती त्याच्या डोळ्यांकडं बघू लागली. आता निसटतील... नाहीतर चिकटतील.

त्यातलं काहीच झालं नाही. तो तिच्या डोळ्यांत बघत होता आणि काहीतरी आठवायचा प्रयत्न केल्यासारखं करत होता.

“विचारा ना,” ती तुटकपणे म्हणाली. “सगळे विचारतात.”

“विचारू? रागावणार न्हाई?”

“न्हाई.”

“याच्यात सुंठ घातलीय का?”

“नखभर,” ती म्हणाली.

“तेच म्हटलं,” तो म्हणाला. “माझ्या मायेची आठवण झाली. लेकरांसाठी एक पिशवी भरून द्या. अन् थोडं... देवी डाक्तरासाठी वेगळं बांधून द्या. लेकरं डाक्तराला उरू देत न्हाईत.”

यानंतर दर बाजारी एक पिशवी जाऊ लागली. टोचल्यावर आठव्या दिवशी पुन्हा त्याच गावी जाऊन टोचलेलं लागू पडलंय का, दंडावर फोड आलाय का ते बघावं लागतं, म्हणून उत्तमच्या फेऱ्या आठवड्याच्या मापानं चालत, आणि त्या मापात डोंगरकड्याचा बाजार बरोबर बसायचा. तसा तो बसवायचा, हे चतुराला पुढं कळलं. कोणत्या गावात किती लेकरं रडली, एका पोरीनं त्याच्या मनगटाला कसा चावा घेतला, एका आजीनं त्याच्या अंगावर शेणाचं पाणी कसं फेकलं, हे तो सांगे, आणि ती खाली मान घालून लाह्या मोजता मोजता ऐके.

पण खुद्द डोंगरकड्यात एकही लेकरू त्याच्याकडं आलं नव्हतं.

माघ संपता संपता एका दुपारी आभाळ अवचित भरून आलं. मंजुळाबाई शेतावर गेली होती, भावजय सुमन आठ महिन्यांच्या लेकराला घेऊन आत निजली होती, आणि चतुराची दडपून काढलेली ज्वारी अंगणभर घोंगडीवर पसरलेली होती. पहिले टपोरे थेंब पडले तशी ती धावली. घोंगडीचं एक टोक धरलं, तर दुसरं टोक लोळायला लागलं, दाणे घरंगळायला लागले... आणि एकाएकी दुसरं टोक उचललं गेलं. पलीकडं उत्तम होता.

“इकडं! इकडं ओढा— गोठ्याकडं!”

“ओढू नका, उचला! दाणे सांडतील!”

“उचलूनच राहिलो की!”

दोघं घोंगडीसकट गोठ्याच्या वळचणीखाली शिरली. पाऊस अंगणात तडतडत होता. तिच्या केसांत दोन-चार दाणे अडकले होते. त्यानं ते पाहिलं, हात थोडा वर आला आणि पुन्हा खाली गेला.

“केसात... ज्वारी हाय तुमच्या,” तो म्हणाला.

“असू दे. भट्टीवर गेल्यावर फुटंल.”

तो हसला. ओल्या मातीचा वास, आत बैलाच्या रवंथाचा आवाज.

“आज तुमच्या गल्लीत आलो होतो,” थोड्या वेळानं तो म्हणाला. “अकरा दारं वाजवली. अकराही लागली. मला बोलता येत न्हाई, चतुरा. सुई चालवता येती. मायांपुढं उभा राहिलो की मी हुकूम वाचून दाखवतो. तो बी सरकारच्या उर्दूत.”

पहिल्यांदाच त्यानं तिला नावानं हाक मारली होती. त्याच्या ते ध्यानातही नव्हतं. कदाचित म्हणूनच, आजवर कुणाला न सांगितलेली गोष्ट तिच्या तोंडून निघाली.

“त्या साली बी टोचणारा आला होता,” ती म्हणाली. “थोरला मामाच्या गावी होता. आमाला दोघा धाकट्यांला मायनं कणगीत लपवलं. आत अंधार, ज्वारीचा उबारा... धाकटा माझ्या मांडीवर होता. मी त्याच्या तोंडावर हात धरला होता, त्यानं रडू नाही म्हणून. टोचणारा गेला. माय लई खूश झाली. आमाला गूळ दिला. अन् चैतात देवी आल्या.”

उत्तमनं घोंगडीवरून घरंगळलेले दोन दाणे उचलून परत ठेवले. त्यानं काही विचारलं असतं तर तिला रडू आलं असतं.

“मायला वाटतं मला आठवत न्हाई. आमी कधी बोललो न्हाई त्याच्यावर.”

पाऊस ओसरला तेव्हा अंगणाच्या फाटकात मंजुळाबाई उभी होती. डोक्यावर ओलं पोतं, आणि नजर त्या कातडी पेटीवर खिळलेली.

“कोण तू?”

“मावशी, मी—”

“कळलं कोण ते. देवीला डिवचणारा माणूस माझ्या दारात नको. नीघ.” तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. तो गेल्यावर ती लेकीला म्हणाली, “उद्यापून बाजार मी करते. तू घरी राहा.”

तीन बाजार गेले. मोकळा लाडू डोंगरकड्याच्या लेकरांच्या तोंडी बसला होता. मंजुळाबाईची टोपली दुपारच्या आत रिकामी होई. पण कातडी पेटी टोपलीपुढं आली की ती तोंड फिरवून बसे. चतुरा घरात ज्वारी निवडायची, आणि निवडलेलीच पुन्हा निवडायची. सुमनवहिनीनं एकदा विचारलंही, “वन्सं, दाण्यात काय शोधून राहिल्या?”

मग बातमी आली. शेजारच्या वाडीत देवी आल्या. एका घराच्या दाराला देवीची खूण म्हणून कडुनिंबाचा टहाळा लागला, चार दिवसांनी दुसऱ्या घराला लागला. उत्तमनं डोंगरकड्याच्या चावडीत ठाण मांडलं. सकाळपासून पेटी उघडून बसायचा आणि संध्याकाळी तशीच मिटायचा. बाया चावडीवरून पाण्याला जात. लेकरांना पदराखाली घेऊन, तिकडं न बघता.

तिसऱ्या दिवशी चतुरानं लाह्यांची टोपली डोक्यावर घेतली आणि कुणाला न सांगता चावडीवर गेली. पाण्याची वेळ होती. पाच-पंचवीस बाया घागरी घेऊन चाललेल्या. टोपली खाली ठेवून ती त्यांच्या वाटेतच उभी राहिली आणि दोन्ही हातांनी डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला.

“थांबा जरा,” ती म्हणाली. “माझ्या तोंडाकडं बघायची तुमाला लाज वाटती. मला ठाऊक हाय. आज लाजू नका... नीट बघा. त्या साली टोचणारा आला होता गावात. ज्यांना टोचलं, ती माझ्या बरोबरीची पोरं आज लेकुरवाळी हायेत. मला टोचलं न्हाई. माझ्या धाकट्या भावाला टोचलं न्हाई.”

बाया थबकल्या. पाण्यावरून परतणाऱ्या एकीच्या घागरीतलं पाणी हिंदकळलं.

“तुलाच काहून न्हाई टोचलं गं?” मागून एकीनं विचारलं.

चतुरानं तोंड उघडलं, आणि मिटलं. चावडीत उत्तम उठून उभा राहिला होता. त्याला उत्तर ठाऊक होतं, आणि ते ती देणार नाही हेही त्याला त्या क्षणी कळलं.

“सांग ना. काहून?”

“मी लपवलं होतं म्हणून.”

बाया वळल्या. मंजुळाबाई वाटेच्या कडेला उभी होती. लेकीला शोधत आली असावी. कडेवर सुमनचं लेकरू होतं आणि धापा टाकत मागून सुमन येत होती.

“कणगीत लपवलं होतं दोघांना,” मंजुळाबाई म्हणाली. “मीच. देवीचा कोप होईल म्हणून लपवलं. तेरा वर्सं झाली, हिनं मला एका शब्दानं इचारलं न्हाई.” ती चतुराजवळ आली, तिच्या तोंडाकडं बघत राहिली. आईनं इतका वेळ आपल्या तोंडाकडं बघितल्याचं चतुराला आठवत नव्हतं. “तुला आठवतं का गं?”

“आठवतं, माय.”

“समदं?”

“गूळ बी आठवतो.”

मंजुळाबाईनं डोळे पुसले नाहीत. कडेवरचं लेकरू सावरलं, सुमनकडं पाहिलं. सुमननं मान हलवली. मग ती चावडीची पायरी चढली आणि लेकराचा इवला दंड उत्तमपुढं धरला.

“टोच.”

दहा गावांत शेकड्यांनी लेकरं टोचलेल्या त्या माणसानं त्या दिवशी सुई दोनदा पुसली. मग दंडावर टेकवली. लेकरू चावडी हलेल असं किंचाळलं. मागं उभ्या असलेल्या एका थोरल्या पोरीला उत्तमनं हात पुढं करायला सांगितलं; तिला टोचून झाल्यावर सवयीनं त्यानं पिशवीत हात घातला आणि तळाशी जपून ठेवलेल्या मूठभर लाह्या तिच्या ओंजळीत टाकल्या. पोरगी रडता रडता चावायला लागली.

मंजुळाबाईनं त्या ओंजळीकडं निरखून बघितलं. मग पिशवीकडं. मग लेकीकडं.

“ह्या तर आपल्या लाह्या!”

“व्हय,” चतुरा म्हणाली आणि खाली बघायला लागली.

“कवापून?”

“माघापून, मावशी,” उत्तमनंच सांगितलं. त्याचे कान लाल झाले होते. मंजुळाबाई दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिली, आणि एवढंच म्हणाली, “पिशवी रिकामी झाली दिसती. चतुरे, टोपली वर आण.”

अंधार पडेपर्यंत चावडीत रांग होती.

आठव्या दिवशी उत्तम लेकरांचे दंड बघायला आला. बहुतेकांना फोड धरले होते. सुमनच्या लेकराच्या दंडावर तर ठसठशीत. पुढं वाडीतली साथ डोंगरकड्यात दोन घरांपर्यंत आली आणि तिथंच थांबली. दोन्ही घरांतली आजारी माणसं वाचली.

त्या आठव्या दिवशी शेवटचं लेकरू गेल्यावर चावडी रिकामी झाली. कडुनिंबाचा मोहोर वाऱ्यानं आत येऊन पडत होता. चतुरा रिकामी टोपली घ्यायला आली होती. टोपली हातात घेऊनही ती निघाली नाही.

“उद्या कुरुंद्याला चाललो,” पेटीच्या पट्ट्याशी खेळत उत्तम म्हणाला.

“बरं. तिकडं हळद शिजून राहिली असंल आता.”

“व्हय. सगळा गाव पिवळा झाला असंल.”

चतुरानं टोपली या हातातून त्या हातात घेतली.

“एक विचारू?” चतुरा म्हणाली. “खरं सांगायचं पण. तुमी माझ्याशी बोलत होता ते... कीव आली म्हणून का?”

तो लगेच ‘नाही’ म्हणाला नाही. विचार करत राहिला, आणि तिला तेच बरं वाटलं.

“पहिल्यांदा तोंड दिसलं तवा मनात आलं, सहा-सात वर्षांची असताना आल्या असतील. धंद्याची सवय, दुसरं काय. मग तुमी म्हणाल्या, विचारा... अन् मी सुंठेचं विचारलं. त्या दिवसापून चतुरा, मी रस्त्यानं चालताना तुमच्याशीच बोलत असतो. तुमी नसता, तरी. परवा एका गाडीवानानं विचारलं, डाक्तर, कुणासंगं बोलून राहिले?”

“अन् त्या रस्त्यानं मी काय बोलते?”

“लई भांडता.”

“मग बराबर हाय,” ती म्हणाली, आणि दोघंही हसली. हसू विरल्यावर ती हळूच म्हणाली, “मी बी बोलते. ज्वारी निवडताना. पण मी भांडत न्हाई...”

“मग?”

“नुसतं सांगत असते. दिवसभराचं.”

उत्तमनं पेटी खाली ठेवली. “माझं काम फिरतीचं. महिन्यातले वीस दिवस मी घरी नसतो. असल्या माणसाला लेक द्या म्हणून तातेरावबाबांला कोणत्या तोंडानं विचारू?”

“बाबांला मागून विचारा. आदी मला विचारा.”

“येता का?” त्यानं विचारलं. एवढंच. मग घाईनं पुढं जोडलं, “साखऱ्याला... माझ्या घरी... म्हणजे, आपल्या घरी.”

“न्हाई,” चतुरा म्हणाली.

त्याचं तोंड असं उतरलं की तिला पुढचं वाक्य घाईघाईनं बोलावं लागलं.

“साखऱ्याला बसून काय करू? वीस दिवस तुमी तिथं नसणारच. मी तुमच्या संगं गावोगाव येते. बाया तुमाला दार उघडत न्हाईत. मला उघडतील.”

तो बघतच राहिला. मग ज्या हाताला तिच्या केसांतला दाणाही काढायचा धीर झाला नव्हता, त्या हातानं त्यानं तिचा हात धरला. बाहेर पाण्याला निघालेल्या बायांचं बोलणं जवळ येत होतं, तरी त्यानं तो सोडला नाही, आणि तिनं सोडवून घेतला नाही.

तातेरावांनी चार दिवस मागून घेतले, साखऱ्याला माणूस पाठवला, कुळाची चौकशी केली. दोन घरांच्या सोयरिकी आधीच कुठं कुठं जुळलेल्या निघाल्या. मंजुळाबाईनं चौकशी केली नाही. ती म्हणाली, “माझं नातवंड त्याच्या हाती दिलं तवाच माझी चौकशी झाली.” वैशाखात लग्न लागलं. लग्नात मोकळा लाडू चाचांनी भट्टीवर स्वतः केला, आणि सुंठ जरा जास्तच घातली.

पुढच्या माघात कुरुंद्याच्या एका गल्लीत, हळदीच्या वाफेनं भरलेल्या दुपारी, चतुरानं एका बंद दाराची कडी वाजवली.

“कोण हाय?” आतून बाईचा आवाज आला.

“मी हाय, वैनी. चतुरा. लेकरासाठी खाऊ घेऊन आले.”

“तो टोचणारा हाय का संगं?”

“हाय. पण लांब उभा केलाय.”

आत थोडी कुजबुज झाली. मग दुसरा, थट्टेखोर आवाज आला, “तुझा कोण लागतो गं तो?”

“तुमाला ठाऊक हाय की, वैनी.”

“आमाला न्हाई ठाऊक. नाव घे, मग दार उघडते.”

चतुरानं मागं वळून बघितलं. गल्लीच्या टोकाला उत्तम पेटी घेऊन उभा होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. तो एकदम आभाळाकडं बघायला लागला. शेजारच्या दोन दारांच्या फटी किलकिल्या झाल्या. चतुरानं घसा साफ केला आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं—

“कुरुंद्याची हळद, साखऱ्याची तूर,
उत्तमरावांच्या संगं चालता गाव न्हाई दूर!”

आत हसू फुटलं. कडी निघाली.